फ्रिडाने न कापलेला श्वास

आमची ती तबकडी तुम्ही ऐकली असेल, तर शेवटी काहीच नाही असं तुम्हाला वाटलं असेल. काशाच्या मोठ्या थाळाचा ठोका विरत जातो, मग नुसती सुईची खरखर, आणि लोक उठून तबकडी काढून ठेवतात. लोकांना घाई फार! अरे, संगीतकाराने शेवटी शांतता लिहिली आहे, ती काय तुम्ही चहाचं आधण ठेवावं म्हणून? पण जाऊ दे. मी जन्मभर डबल बास वाजवला, म्हणजे जन्मभर मागच्या रांगेत काढला, आणि मागच्या रांगेतल्या माणसाची बडबड ऐकतो कोण. ही गोष्ट मात्र ऐका, कारण ती माझी नाही. फ्रिडाची आहे.

फ्रिडा आमच्या वाद्यवृंदाच्या टेपा कापायची. ध्वनिमुद्रण झालं की रिळं तिच्या खोलीत जायची. कुणी खोकला, कुणाचा गज स्टँडला लागला, कुणाची खुर्ची करकरली, की तेवढा तुकडा काढून पुढची-मागची टोकं जोडायची, हे तिचं काम. तिची कात्री पितळेची होती, कारण लोखंडाची कात्री लागली की टेपेवर टक्कन आवाज उमटतो. दोन्ही हातांनी रिळं मागेपुढे फिरवत ती नको तो आवाज शोधायची. टेप अशी हाताने ओढली की साधा खोकलासुद्धा बिळातल्या जनावरासारखा गुरगुरतो. त्या गुरगुराटात ही बाई दिवसभर बसायची, वर तिथेच पावाला डुकराची चरबी लावून जेवायची. मी एकदा पाच मिनिटं बसलो आणि माझी भूकच मेली.

तोंडाची फटकळ. व्हायोलिनवाल्या बायका तिला टरकून असायच्या, कारण कोण कुठे चुकलं ते तिला माहीत असायचं आणि ती ते जिन्यात गाठून सांगायची. "काल तुमचा गज माशी मारत होता का हो?" असं. पण तिने कापलेल्या टेपेत जोड कुठे आहे ते कुणाला कधी सापडलं नाही.

आता आम्ही वाजवायचो काय, तेही सांगायला हवं. साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या पोलंडात तेव्हा नव्या संगीतकारांचं पीक आलं होतं आणि एकेक जण असे कागद घेऊन यायचा की त्यावर सूर कमी आणि काळे पट्टेच जास्त. व्हायोलिनवाल्यांनी, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे गज ओढायचा, आम्ही बासवाल्यांनी वाद्याच्या पोटावर बोटं आपटायची, बासरीवाल्यांनी नुसती हवा फुंकायची. वस्तीतले खाणकामगार मला विचारायचे, "काय रूफिन, आज किती मांजरं सोललीत?" मी हसण्यावारी न्यायचो. पण खरं सांगतो, मला त्या संगीताची भीती वाटायची. आम्ही सगळे युद्धातून वाचलेले. ते आवाज आम्हाला नवे नव्हते. विमानहल्ल्याचा भोंगा नव्हे, भोंग्याआधी सगळी गल्ली जशी गप्प व्हायची, तेही त्यात होतं.

आणि त्या गप्प होण्यातच आलोइसची पंचाईत होती.

आलोइस फ्रिडाचा नवरा आणि माझा लहानपणापासूनचा मित्र. आम्ही एकाच लाल विटांच्या चाळीत वाढलो. तो आमच्याकडे थाळ, ढोल, झांजा वाजवायचा. दाराएवढा उंच माणूस, पण बोलणं मऊ. युद्धाच्या काळात पोरवयातच त्याला खाणीत उतरवलं होतं, तेव्हाची कोळशाची धूळ त्याच्या छातीत कायमची बसली. श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायची, दाराच्या फटीतून वारा यावा तशी, चढत जाणारी. सोडताना तीच शिट्टी उतरत यायची. पूर्वीच्या वाजत्या-गाजत्या संगीतात ती कुणाला कळली नव्हती. पण या नव्या लोकांनी शांतता लिहायला सुरुवात केली, आणि आलोइस उघडा पडला.

आमचे ध्वनिमुद्रणाचे साहेब होते लासोता. काचेमागच्या खोलीत बसायचे, टापटिपीचे, टायला सुरकुती नाही. शांतता स्वच्छ पाहिजे हे त्यांचं वेड. टेप परत वाजवून बघताना शिट्टी आली की ते डोळे मिटून म्हणायचे, "पुन्हा तो! फ्रिडा, काढा तो." आणि फ्रिडा पिवळ्या पेन्सिलीने खूण करून नवऱ्याचा श्वास कापून टोपलीत टाकायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. आम्ही चेष्टा करायचो, की बायको नवऱ्याचा गळा धरते हे ऐकलं होतं, श्वास कापते हे इथेच पाहिलं.

घरी तिचं वेगळंच चालायचं. "अरे गाढवा, एवढा वेळ श्वास धरता येत नाही तुला? माझ्या अब्रूचं खोबरं झालंय तिथे."

"धरतो की," आलोइस म्हणायचा. "पण मग जीव जातो."

"जाऊ दे की! टेप तरी स्वच्छ राहील."

हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात माझ्या कानांनी ऐकलंय, आणि आम्ही तिघेही तेव्हा पोट धरून हसलो होतो. पुढे आलोइस खरंच सराव करायला लागला. चुलीवर बटाट्याचे गोळे उकळायला टाकायचे आणि ते वर तरंगेपर्यंत श्वास धरायचा. फ्रिडा डाव हातात घेऊन बघत उभी राहायची. हॉलमधल्या खुर्च्या करकरतात म्हणून तिने त्याला घरची खुर्चीही न्यायला लावली होती, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, स्वयंपाकघरातली. ती कितीही हललं तरी हूं की चूं करायची नाही. आलोइस ती खांद्यावर घालून ट्रॅमने आणायचा.

मग झारेंबा नावाच्या संगीतकाराची रचना आली. आम्ही ती मे महिन्यात मुद्रित केली, खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनात. हॉल चांगला, पण बाहेर ट्रॅम आणि खाणीचा भोंगा, म्हणून लासोतासाहेबांनी सगळ्या खिडक्यांवर लोकरीचा जाड नमदा खिळ्यांनी ठोकून घेतला होता. आत दिवसाही दिवे लावावे लागायचे. रचनेच्या शेवटी सगळे थांबतात, आलोइस थाळावर एक ठोका देतो, तो भलामोठा काशाचा थाळ घुमत घुमत विझतो, आणि मग शांतता. लांबलचक. कंडक्टरचा हात खाली येईपर्यंत कुणी पापणीही हलवायची नाही.

आलोइसने ठोका दिला. आवाज विरता विरता तो त्या खुर्चीवर अलगद टेकला. मी कोपऱ्यातून त्याला बघत होतो. ताठ बसला होता, मांडीवर ठोका द्यायचा दांडा, गाल किंचित फुगलेले. मला तरी शिट्टी ऐकू आली नाही. मी मनात म्हटलं, शाब्बास रे गड्या. कंडक्टरचा हात खाली आला, मुद्रण चालू असल्याचा लाल दिवा विझला, आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, आणि स्पीकरमधून लासोतासाहेबांचा आवाज आला, "सुंदर! अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती!"

"चल आलोइस, आज बिअर तुझ्याकडून," मी म्हणालो. तो तसाच बसला होता. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.

आमच्याकडे माणूस गेलं की पहिलं काम खिडकी उघडायची. आरसा झाकणं, घड्याळ थांबवणं, ते नंतर. जाणाऱ्याला वाट हवी ना. तिथे कुणालातरी ते आठवलं, तो धावत खिडकीपाशी गेला, नमद्याची कड ओढली, खिळे काही निघेनात. तेवढ्यात डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, गडबड झाली, आणि त्याला मागच्या दाराने नेलं. खिडकी राहिली ती राहिलीच.

फ्रिडा अंत्यविधीला रडली नाही. आठवड्याने कामावर आली. लासोतासाहेब चांगल्या मनाने म्हणाले, "ती टेप तुम्ही नका करू, मी दुसऱ्या कुणाला देतो." ती म्हणाली, "माझं काम आहे." टेप उन्हाळाभर कपाटात पडून राहिली. ऑक्टोबरमध्ये तबकड्यांच्या कारखान्याकडून तगादा आला, तेव्हा तिने ती रिळावर चढवली, आणि त्याच दुपारी मला निरोप पाठवला.

तिच्या खोलीच्या खिडकीतून खाणीत पाळणा उतरवणारं मोठं चाक दिसतं. ते फिरत होतं. तिने मला बसवलं नाही की काही नाही.

"ऐक," म्हणाली, आणि आवाज पार वाढवला.

थाळ गडगडत आला आणि विझत गेला. मग शिट्टी. बारीक, चढत जाणारी. आलोइस श्वास आत घेत होता, माझ्यापासून हातभर अंतरावर असावा तसा. मग शांतता. टेप फिरत राहिली. मग लाल दिव्याचा खटका पडल्याचा आवाज, मग आमचं सगळ्यांचं हुश्श, मग हसणं.

"बाहेर पडलेला कुठे आहे?" फ्रिडाने विचारलं.

"म्हणजे?"

"श्वास. आत घेतला तो आहे. सोडलेला कुठे आहे? मी सगळं रीळ हाताने ओढून पाहिलंय, रूफिन. इंच न् इंच. नाही."

"अगं, माणूस गेला. गेलेला माणूस कसा सोडणार?"

"सोडतो. शेवटचा सोडतोच. माझ्या आईने सोडला, तुझ्या बापाने सोडला, तूच उशाशी होतास. याने नाही सोडला. मी धर म्हटलं म्हणून याने धरला, तो धरलेलाच आहे." तिने रीळ थांबवलं. "आता हे तबकडीवर छापणार. हजारो. जो कुणी लावील त्याच्या घरी हा पुन्हा श्वास घेणार आणि धरून बसणार. कायमचा. मला हे चालायचं नाही. तो सुटल्याशिवाय ही तबकडी बाहेर जाता कामा नये."

"फ्रिडा, तू दमली आहेस गं," मी म्हणालो. घाबरलेला माणूस दुसऱ्याला दमलीस म्हणतो.

ती उठली. "चल. दाखवते."

भवन जवळच होतं. हॉलमध्ये त्या आठवड्यात तालीम नव्हती, शेगडी पेटवलेली नव्हती, आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. थाळ कापडाखाली झाकलेला, आणि त्याच्याजवळ आलोइसची खुर्ची. मे महिन्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. न सांगता सगळे तिला वळसा घालून जायचे.

"बसायच्या जागी हात ठेव," फ्रिडा म्हणाली.

मी ठेवला आणि लगेच काढून घेतला. लाकूड उबदार होतं. कुणी आत्ताच उठून गेल्यावर असतं, तेवढं. शेजारच्या खुर्चीला हात लावून पाहिला, ती बर्फ होती.

"येशू-मारिया," मी म्हणालो.

"आता सांग, दमलेय का मी?"

दुसऱ्या दिवशी ती लासोतासाहेबांकडे गेली, शेवट पुन्हा मुद्रित करा म्हणाली. ते ऐकेनात. "फ्रिडा, त्याची याहून मोठी आठवण कोणती? त्या शांततेवर एक ओरखडा नाही. फक्त सुरुवातीला तो श्वास आत घेतल्याचं आहे, तेवढं काढा, की झालं." म्हणजे आलोइसचं होतं-नव्हतं तेही टोपलीत जाणार, आणि उरणार नुसतं धरून बसणं. फ्रिडा तडक वळली. खोलीत गेली. मी दारात उभा होतो. तिने पितळी कात्री घेतली, शिट्टीचा तुकडा अचूक कापला आणि ॲप्रनच्या खिशात घातला. मग थाळाच्या आवाजाची शेपटी पकडली, आणि तिथून पुढची सगळी शांतता कचाकचा कापून काढली. चकत्या करतात तशी.

मग तुकड्यांचा गुंता मुठीत धरून साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "चुकले."

"तुम्ही?" साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तुम्ही चुकलात?"

"हात थरथरला." हे म्हणताना तिचा हात मुळीच थरथरत नव्हता. साहेब तापले, टेबलावर हात आपटला, काय वाटेल ते बोलले. पण करणार काय? शेवट पुन्हा वाजवावा लागणार होता. हॉल मोकळा मिळाला तो नेमका नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला, मृतांच्या दिवशी. साहेबांनी ते ध्यानात घेतलं नाही. आम्ही घेतलं, आणि गप्प राहिलो.

आदल्या दिवशी आम्ही सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावून आलो होतो. सकाळी ट्रॅममधून येताना दफनभूमीवर अजून धूर तरंगत होता. आलोइसच्या जागी नवीन माणूस आला होता, मिरोन, वॉर्साचा. वाजवायला चोख, पण आमच्याकडचं त्याला काही ठाऊक नाही. आला तो सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसला, आणि लगेच उठून मागे बघायला लागला. "कुणाची आहे का ही?"

तेवढ्यात फ्रिडा हॉलमध्ये आली. ती मुद्रणाच्या वेळी कधीच यायची नाही. ॲप्रन घातलेला, केस रुमालाखाली. वाद्यं लावायचं थांबलं.

"बाजूला हो रे बाळा," ती मिरोनला म्हणाली. "फुंकर न मारता बसलास होय?"

"धूळ नाहीये हो काकू."

"धुळीसाठी नसते ती." मृतांच्या दिवशी आमच्यात कुणी फुंकर मारल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही. कुणी बसलेलं असेल तर त्याला उठायला वेळ मिळावा. फ्रिडा वाकली, बसायच्या जागेवर हळूच फुंकर मारली, आणि आमच्या सिलेसिया प्रांताच्या बोलीत, घरात बोलतात तसं म्हणाली, "आलोइस, सोड आता. मी नाही कापणार. शपथ घेते, नाही कापणार." मग मिरोनला म्हणाली, "बस आता," आणि मान ताठ ठेवून काचेमागे निघून गेली.

वस्तीतल्या टवाळांना आवडलं असतं हसायला. आमच्यापैकी कुणीही हसलं नाही.

लाल दिवा लागला. शेवटचा भागच वाजवायचा होता. आम्ही वाद्यांच्या पोटांवर बोटं आपटली, व्हायोलिनं घोडीमागे किंचाळली, सगळं थांबलं. मिरोनने ठोका दिला. थाळ घुमत राहिला, हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन परत आला, विझला. कंडक्टरचा हात वर. शांतता. मी बासच्या जाड तारेवर बोट ठेवून उभा होतो. आणि ती तार माझ्या बोटाखाली थरथरायला लागली. मी वाजवली नव्हती, शपथेवर सांगतो. कुणीच काही वाजवत नव्हतं. कानाला काही ऐकू येत नव्हतं, बोटाला मात्र कळत होतं. मग ती हळूहळू थांबली, आणि कंडक्टरचा हात खाली आला.

दिवा विझताच मिरोन मान चोळत ओरडला, "खिडकी कुणी उघडली? माझ्या मानेवर वारा आला!"

खिडक्या खिळ्यांनी ठोकलेल्या. तो बघत राहिला.

आम्ही चार-पाच जण काचेमागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो. लासोतासाहेबांनी टेप मागे घेऊन लावली. थाळ आला, विझला. शांतता. साहेब डोळे मिटून, बोटं टेबलावर ठेवून ऐकत होते. आणि मग ती आली. शिट्टी. वरून खाली उतरत येणारी, बारीक, लांब. एवढी लांब की माणसाच्या छातीत एवढी हवा मावणारच नाही. मे महिन्यापासूनची सगळी.

"पुन्हा तो!" साहेब सवयीने म्हणाले. "फ्रिडा, काढा तो..."

आणि त्यांनी डोळे उघडले.

टेप संपून रिळाचं टोक फटफट आपटत होतं. इतकी वर्षं त्या शिट्टीला टोपलीत पाठवणारा माणूस होता तो, त्याला ओळखायला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. चेहऱ्यातलं रक्त उतरताना मी पाहिलं. फ्रिडाने पितळी कात्री टेबलाच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

"नाही काढणार, साहेब. शब्द दिलाय मी."

साहेब उठले. मला वाटलं आता आरडाओरडा करतील. त्यांनी भिंतीवरच्या पेटीतून हातोडा काढला, हॉलमध्ये गेले, व्हायोलिनवाल्याची एक खुर्ची ओढून तिच्यावर चढले, आणि त्या टायसकट, कोटासकट नमदा उपटायला लागले. खिळे उडत होते. "मदत करा की रे!" ते ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. आम्ही धावलो. खिडकी उघडली तेव्हा बाहेरचा सगळा गलका एकदम आत शिरला, ट्रॅमची घंटा, चिमण्या, कोळशाचा वास, आणि नेमका त्याच क्षणी खाणीचा भोंगा. ज्या आवाजांना ते वर्षानुवर्षं बाहेर ठेवत होते, त्या सगळ्यांत ते गेलेल्याला मान द्यायला उघड्या डोक्याने उभे राहिले. सगळा वाद्यवृंद उभा राहिला. मिरोनही राहिला, कशासाठी ते कुणी न सांगता.

त्या दुपारी फ्रिडाने ॲप्रनच्या खिशातला तुकडा काढला आणि शांततेच्या सुरुवातीला जोडला. म्हणजे आता तबकडीवर दोन्ही आहेत, घेतलेला आणि सोडलेला. साहेबांनी एका शब्दाने अडवलं नाही. नंतर यंत्रं दुरुस्त करणारा एक शहाणा म्हणाला, जुनी टेप नीट पुसली नसेल, खालचा आवाज वर आला असेल. फ्रिडा म्हणाली, डबा मी फोडला, टेप कोरी होती. तुम्हाला जे मानायचं ते माना. माझ्या बोटाला विचाराल तर ते वेगळं सांगेल.

खुर्ची मी तिच्या घरी पोचवली, खांद्यावर घालून, ट्रॅमने. हातमोजे घातलेले होते, त्यामुळे लाकूड उबदार की गार ते तेव्हा कळलं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिने मला आणि माझ्या बायकोला जेवायला बोलावलं. पहिली चांदणी दिसली, आम्ही चर्चमधून आणलेली नाताळची पवित्र पापडी मोडून एकमेकांना दिली, शुभेच्छा दिल्या. टेबलावर खसखशीचं गोड होतं, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं, सगळ्यांकडे असतं तसं. स्वयंपाकघर एवढं तापलं होतं की खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. चुलीला अगदी लागून आलोइसची खुर्ची.

"रूफिन, तू तिकडे बस," फ्रिडा म्हणाली. ती पाठमोरी होती, कढईत मासा उलटत होती.

मी बायकोकडे पाहिलं. मग वाकलो, आणि फुंकर मारायला गाल फुगवले.

"फुंकू नकोस," ती वळून न बघता म्हणाली. "कुणी नाहीये तिथे."

मी बसलो. चुलीची धग पाठीला पोळत होती, कपाळावर घाम आला होता, आणि खालचं लाकूड थंडगार होतं. विजारीतून गारठा लागत होता.

"फ्रिडा," मी म्हणालो, "थंड आहे गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिने कालथा खाली ठेवला, आणि मे महिन्यापासून पहिल्यांदा रडली. मोठ्याने, गळा काढून, शेजारीपाजारी कुणी ऐकेल याची पर्वा न करता.